ॲन विल्सनचा तो आवाज!

संपादक साहेब, २०१२ च्या केनेडी सेंटर ऑनर्स या अमेरिकेतल्या कलावंतांच्या गौरव सोहळ्याचा व्हिडिओ परत बघितला आणि राहवलंच नाही म्हणून लिहितोय. लेड झेपलिन या रॉक बँडचं 'स्टेअरवे टू हेवन' त्यांच्याच समोर गायचं म्हणजे छाती लागते, पण हार्ट बँडच्या ॲन विल्सनने सुरुवात एकदम शांत ठेवली, शेजारी बहीण नॅन्सी गिटारवर आणि ड्रम्सवर जेसन बोनम, म्हणजे लेड झेपलिनचा १९८० मध्ये गेलेला ड्रमर जॉन बोनम याचा मुलगा, आणि मग मागे अख्खा कोरस, सगळ्यांच्या डोक्यावर जॉनसारखी गोल हॅट! बाल्कनीत लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट याचे डोळे भरून आलेले स्पष्ट दिसतात. ॲन वरच्या पट्टीत गेली की अजूनही अंगावर काटा येतो. तुमच्या पुरवणीत रॉक गायिकांवर कधीतरी पानभर लिहा ना, प्लीज.

– एक वाचक