पहिली रायफल पोराच्या अंगाला बेतून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक घेतलं आणि शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या लेथच्या दुकानात एक नवीन गिऱ्हाईक यायला लागलं. पोराला किंवा पोरीला बरोबर घेऊन आलेले आई-वडील. हातात मोबाइल, त्यावर कोऱ्या जर्मन रायफलचा फोटो, आणि प्रश्न ठरलेला : ‘ही घेऊ का? दोन-अडीच लाखांच्या पुढं जाते. कर्ज काढतो.’

मी कोच नाही, टर्नर आहे. पण माझ्या लेकीची पहिली रायफल मी जुने भाग जुळवून उभी केली. त्यात चुकलो, चुका दुरुस्त केल्या, आणि त्यानंतर सात-आठ पोरांच्या रायफली त्यांच्या अंगाला बसवून दिल्या. कर्ज काढायच्या आधी पालकांनी काय बघावं, ते आपल्या पेपरातून सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्वप्नीलचा प्रकार ५० मीटरचा. त्यात पॉइंट टू-टू ची काडतुसं लागतात, परवाना लागतो. मी बोलतोय ते १० मीटरच्या एअर रायफलबद्दल, ज्यानं बहुतेक पोरं सुरुवात करतात. नळी ४.५ मिमीची. पेलेट, म्हणजे तिची छोटी गोळी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. म्हणजे ऊर्जा आठ ज्यूलच्या आत. आपल्याकडं परवान्याची मर्यादा २० ज्यूलची आहे. तरीही माझ्या दुकानाचा नियम पक्का आहे : नळी, दाबाच्या हवेचं सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि ट्रिगरच्या आतले भाग लेथवर किंवा व्हाइसच्या पकडीत कापायला घ्यायचे नाहीत. ‘थोडी पॉवर वाढवून द्या’ म्हणणाऱ्याला मी दुकानाबाहेर काढतो. विनापरवाना बंदूक बनवण्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे, आणि २०० बार दाबाचं सिलिंडर फुटलं तर शिक्षेपर्यंत वेळच येणार नाही. आपण जुळवायचं ते या भागांच्या भोवतीचं सगळं : स्टॉक (रायफलचा दांडा), चीकपीस (गाल टेकवायची पट्टी), बटप्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग), हाताखालचा ठोकळा, वजनं, साइट (नेम धरायची खूण).

लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. रेंजवरच्या एका मोठ्या नेमबाजानं नवी रायफल घेतली म्हणून त्याची जुनी नळी आणि ॲक्शन (गोळी भरायची-मारायची यंत्रणा) आम्हाला ८५ हजारांत मिळाली. स्टॉक दुसरीकडून घेतला, लाकडी, तडा गेलेला. डायॉप्टर, म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकाची साइट, तिसरीकडून. सिलिंडर ज्यानं विकलं त्यानं ‘एकदम मस्त आहे’ सांगितलं होतं. घरी आणून भिंगाखाली बघितलं, तर अंगावर कोरलेली तारीख उलटून दोन वर्षं झालेली. सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात. स्पर्धेत तपासणीच्या टेबलावर ती तारीख बघितली जाते आणि जुनं असेल तर चालत नाही. ते पैसे गेले. म्हणून पालकांना पहिलं सांगणं हेच, की जुनी रायफल घेताना रंग, लाकूड, ओरखडे नंतर बघा. आधी सिलिंडरची तारीख वाचा.

माझी खरी चूक वेगळीच होती. मोठ्या खेळाडूंच्या नळीवर वजनं असतात हे टीव्हीवर बघून मी पितळेच्या चार कड्या कातल्या, छान पॉलिश केल्या आणि नळीच्या तोंडाशी बसवल्या. रायफल अगदी स्थिर वाटायला लागली. पोरगी काही बोलली नाही. तीन आठवड्यांनी रात्री कंबर शेकत बसलेली दिसली. मग तिच्या पहिल्या जिल्हा स्पर्धेत रायफल काट्यावर ठेवली तर ५.६२ किलो. मर्यादा ५.५ आहे. वीस मिनिटं हातात असताना मी ॲलन की घेऊन कड्या काढत होतो आणि ती रडत होती. कड्या काढल्या की तोल बदलतो, तोल बदलला की नेम बदलतो. त्या दिवशी तिचा खेळ माझ्यामुळं गेला. म्हणून सांगतो, पहिल्या वर्षी नळीच्या तोंडाशी एक ग्रॅमही टाकू नका. मागं बटप्लेटजवळ, गरज पडली तरच. पोराच्या पाठीचा मणका वाढीला लागलेला असतो आणि रायफल धरताना तो वाकतो नि पिळवटतो. तिथं उगाच भार देऊ नका.

आता बेतण्याबद्दल. हे काम नेमबाजीचं जाड जॅकेट घालूनच करायचं. सदरा घालून माप घेतलं की जॅकेटवर रायफल बोटभर लांब निघते. हे मी दोनदा केलंय. म्हणजे खरेदीचा क्रमही उलटा हवा. आधी जॅकेट, पँट आणि बूट, मग रायफल. ट्रिगरपासून बटप्लेटपर्यंतची लांबी अशी ठेवायची, की हाताची मूठ सैल असताना तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सरळ काटकोनात पडेल. बोट ताणून पोचत असेल तर गोळी बाजूला जाणार, मग पोरानं कितीही मन एकाग्र करू दे.

दुसरं चीकपीस. पोराला रायफल खांद्याला लावून, गाल टेकवून डोळे मिटायला सांगा. मान सैल. दहा आकडे मोजा आणि डोळे उघडायला सांगा. डायॉप्टरच्या भोकात पुढच्या साइटचं कडं मधोमध दिसलं तर चीकपीस बरोबर. खाली दिसलं, वर दिसलं, तर मान हलवायची नाही, चीकपीस हलवायचं. मान हलवून जुळवलेला नेम पहिल्या दहा गोळ्यांना चालतो. स्पर्धेत गोळ्या ६० असतात आणि वेळ सव्वा तास.

तिसरं हाताखालचा ठोकळा. उभं राहून मारताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफल त्या हाडावर उभी असते. दंडाच्या ताकदीवर नव्हे. ज्याचे हात आखूड त्याला ठोकळा उंच लागतो, नाहीतर पोर रायफल उचलून धरायला लागतं. बाजारात तयार ठोकळे मिळतात, महाग. मी सागाचे कापतो. आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक ठेवून उंची ठरवतो आणि मगच लाकूड कापतो. पुठ्ठ्याला चूक परवडते.

स्टॉकचे स्क्रू दोन्ही सारख्या जोरानं, टॉर्क रेंचनंच (जोर मोजून आवळणारा पाना) आवळा. माझ्यासारखा तीस वर्षं हातानं पाने फिरवलेला माणूस सांगतोय, हाताचा अंदाज इथं चालत नाही. आवळून झाले की स्क्रूच्या डोक्यावरून स्टॉकवर मार्करची एक रेघ ओढा. स्क्रू ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. डायॉप्टर जुना असेल तर त्याचा स्क्रू वीस क्लिक (खटके) उजवीकडं आणि वीस डावीकडं फिरवून बघा. गोळी पुन्हा त्याच भोकात आली पाहिजे.

पेलेटबद्दल मी हट्टी आहे. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप लिहिलेलं असतं. प्रत्येक नळीला त्यातलं एक आवडतं आणि कुठलं, ते सांगून कळत नाही. ॲक्शन गाद्या लावून व्हाइसमध्ये धरायची, प्रत्येक मापाच्या दहा-दहा गोळ्या एकेका कागदावर मारायच्या आणि व्हर्नियरनं (बारीक मापाची पट्टी) सगळ्या भोकांचा घेर बाहेरून मोजायचा. आमच्या नळीला ४.५० नं ९ मिमी दिले, ४.४९ नं जेमतेम ६. निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा हा फरक म्हणजे पोराचा दोष नसताना कापले गेलेले गुण. लेक आठ महिने चुकीच्या डब्यानं मारत होती आणि मी तिला एकाग्रतेवर भाषण देत होतो.

प्रत्येक माप वहीत लिहा. लांबी, चीकपीसची उंची, ठोकळा, क्लिक, तारीख. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान आठवडाभर तशीच ठेवा. पोर वाढत असतं, दर तीन महिन्यांनी माप बदलतं. म्हणूनच पहिली रायफल जुन्या भागांची असणं मला कमीपणाचं वाटत नाही. तिच्यावर कानस चालवता येते. कोऱ्या रायफलला पालक हात लावू देत नाहीत आणि पोर रायफलच्या मापाचं व्हायला बघतं.

याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत १० मीटरमध्येच जगज्जेता झाला. आपल्या पोरांत कस आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पालक रायफल घेतात आणि ती बसवून द्यायला जवळपास माणूस नसतो, हे मी रोज बघतो.

क्रीडा खात्याकडं मागणी एवढीच, की जिल्ह्याच्या प्रत्येक रेंजवर एक टेबल द्या. त्यावर एक व्हाइस, एक टॉर्क रेंच, एक वजनकाटा, एक व्हर्नियर आणि तिन्ही मापांच्या पेलेटचा एकेक डबा. या सगळ्याची किंमत एका नव्या रायफलच्या पासंगालाही पुरणार नाही. आठवड्यातून एक दिवस तिथं उभा राहणारा फिटर उद्यमनगरात नक्की मिळेल. पहिलं नाव माझं लिहून घ्या.

तोपर्यंत रविवारी सकाळी दहानंतर माझं लेथ बंद असतं आणि दुकान उघडं. पोराला जॅकेट-बुटांसकट आणा. रायफल रिकामी, नळीत सेफ्टीचा दोरा घातलेला हवा. पैसे लागणार नाहीत. ठोकळ्याला लाकूड लागलं तर तेवढं आणा.

आपला,
शिवाजी उद्यमनगरातला एक टर्नर,
कोल्हापूर