औषध फुकट, पण बुडालेल्या पगाराचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घणसोली गावात मी अकरा वर्षं खाणावळ चालवते. डबे नेणारी बहुतेक मुलं रबाळे-महापे एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. त्यातल्या जालन्याकडच्या एका बावीस वर्षांच्या मुलाला गेल्या पावसाळ्यात टीबी निघाला. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या, लगेच मिळाल्या. पण सहाव्या दिवशी तो पुन्हा कामावर निघाला. मी जिन्यातच अडवलं. म्हणाला, "काकू, खाडा वाढला की ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. खोलीचे अडीच हजार, तुमच्या डब्याचे, गावी आईला. कुठून आणू?" त्याच खोलीत आणखी तिघं झोपतात.

औषध नियमित घेतलं तर साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका बराच उतरतो, असं दवाखान्यातल्या बाईंनी त्याला समजावलं होतं. नेमके तेच दोन आठवडे घरी बसायची त्याची ऐपत नव्हती.

टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, हे चांगलंच झालं. पण बाजार मी रोज करते. दिवसाला दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध एवढंच धरलं तरी महिन्याला दीड हजार जातात. त्यात याचे पैसे आले तिसऱ्या महिन्यात, कारण बँक खात्याला आधार जोडलेलं नव्हतं आणि ते जोडायला जायचं तर पुन्हा एक खाडा. तोवर त्याच्या डब्यात अंडी मी घातली.

ईएसआयसीत (कामगार राज्य विमा योजनेत) असलेल्या कामगाराला क्षयरोगात दोन वर्षांपर्यंत ८० टक्के पगार मिळू शकतो, पण आधीची दोन वर्षं सलग नोकरी लागते. दर सहा महिन्यांनी ठेकेदार बदलणाऱ्या पोराची ती कशी भरायची? संजय गांधी निराधार योजनेत क्षयरोगी बसतो, मात्र कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. इथे नुसत्या खोलीभाड्यालाच वर्षाला तीस हजार जातात.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी अशा कंत्राटी मुलांना उपचाराचे पहिले दोन महिने निम्मी तरी मजुरी द्यावी. नोंद होईल त्याच आठवड्यात द्यावी, आणि आधार जोडणीचं काम गोळ्या देतात त्याच खिडकीवर करावं.

त्या खोलीतल्या दुसऱ्या एका मुलाला तीन आठवडे खोकला आहे. सोमवारी त्याचा बेडका तपासायला दिलाय.

खाणावळचालक, घणसोली, नवी मुंबई
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया माझं नाव छापू नये.)