पिकअपच्या पाइपाचे माप डोळ्यांनी नव्हे, गणिताने ठरवावे

संपादक महोदय,

वागळे इस्टेटमध्ये मी गेली २२ वर्षे सायलेन्सरचे आणि चासीच्या वेल्डिंगचे काम करतो. गेल्या महिन्यात नारायणगावहून वाशीच्या बाजार समितीत भाजी आणणारा एक तरुण त्याची पिकअप घेऊन माझ्याकडे आला. सायलेन्सरचा, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर सोडणारा, मूळचा २ इंची पाइप काढून त्याने अन्यत्र अडीच इंची दोन पाइप बसवून घेतले होते, कारण त्यामुळे गाडी घाटात जास्त ओढेल असे त्याला सांगण्यात आले होते. ओढ वाढली नाही. उलट माल भरून पाटे (स्प्रिंगा) दबले की मागचा ॲक्सल वर येऊन नव्या पाइपावर आदळत होता, आणि त्याच पाइपाच्या उष्णतेने ब्रेकची रबरी नळी कडक होऊन तिला चिरा पडू लागल्या होत्या. त्या नळीची मला जास्त धास्ती वाटली, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

दोन पाइपांची पद्धत रुजली ती अमेरिकेतील व्ही-८ इंजिनांच्या पिकअपवर. त्या इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात आणि प्रत्येक रांगेचा धूर गोळा करणारे मॅनिफोल्ड वेगळे असते, म्हणून तिथे दोन पाइप मुळातच सोयीचे पडतात. आपल्याकडची बोलेरो पिकअप, इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स घ्या. तिन्हींत एका रांगेतल्या चार सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन आहे. सगळा धूर टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या यंत्राच्या) एकाच तोंडातून बाहेर पडतो, त्यामुळे पुढे त्याचे दोन फाटे केल्याने इंजिनाच्या पदरात काहीही पडत नाही.

तरीही कोणाला दोन पाइप हवेच असतील, तर निदान माप तरी नीट काढावे. पाइपाची क्षमता व्यासावर नव्हे, व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. एका ३ इंची पाइपाऐवजी दीड इंची दोन पाइप लावले तर धुराची वाट तेवढीच राहील असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती निम्मी होते. मूळ व्यासाला १.४१ ने (२ च्या वर्गमुळाने) भागावे आणि दोन पाइपांच्या आतल्या भिंतींचे वाढलेले घर्षण धरून थोडे वर जावे, म्हणजे ३ इंचीच्या जागी सव्वादोन इंची दोन पाइप येतात. हे माप आतल्या व्यासाचे आहे, हेही विसरू नये. वर सांगितलेल्या तरुणाच्या गाडीत धुराची वाट मूळच्या तिप्पट झाली होती. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला इतका मोठा पाइप लावला, तर धुराचा वेग घटून इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरची ओढ उतरते. टर्बो डिझेलमध्ये ते नुकसान फारसे जाणवत नाही, पण गरजेपलीकडे फायदाही नसतो. शिवाय दोन्ही पाइप एका पाइपाच्या मानाने थंड राहून आत पाणी साचते आणि साधे लोखंड आतून सडते. ठाण्यात खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्याला बाहेरूनही खातातच. वळणावर पाइप चेपला गेला, तर आधी केलेले सारे गणित त्या एका जागी वाया जाते.

कायद्याची बाजूही ग्राहकाला कोणी सांगत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११२व्या नियमाप्रमाणे धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडता येत नाही. तो मागे किंवा उजवीकडेच गेला पाहिजे. चाकांपुढे दोन्ही बाजूंना तोंडे काढलेल्या गाड्या मी घोडबंदर रस्त्यावर रोज पाहतो, त्यांचे डावे तोंड थेट या नियमाविरुद्ध आहे. आवाजाची मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी मानक) गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर कापून पाइप सरळ करणे हे तर रस्त्याकडेला राहणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर उठणारे काम आहे, आणि ते कितीही पैसे मिळाले तरी कोणत्याही कारागिराने करू नये.

आमच्या व्यवसायातील बांधवांना विनंती आहे की पाइपाचा बाहेरचा व्यास, पत्र्याची जाडी आणि धातूचा प्रकार बिलावर लिहून द्यावा, आणि गाडी परत देण्यापूर्वी ती माल भरून एकदा तपासावी. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिवहन कार्यालयांनी मालवाहू गाड्यांच्या योग्यता तपासणीच्या वेळी ११२वा नियम सोप्या मराठीत छापून प्रत्येक चालकाच्या हाती द्यावा. त्या तरुणाच्या गाडीला मी पुन्हा २ इंची एकच पाइप बसवला असून ब्रेकची नळी बदलून दिली आहे.

आपला,
एक सायलेन्सर कारागीर, वागळे इस्टेट, ठाणे