कौतुक पुरे, आता मॅच छापा

ऑगस्ट २०२५

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी शिरोड्याची, तालुका वेंगुर्ला. तुमचा पेपर आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून येतो आणि मी तो मागच्या पानापासून वाचते, आधी खेळ, मग बाकी सगळं. आज लिहायचं कारण म्हणजे भारताची महिला फुटबॉल टीम, आणि तिच्याबद्दल तुम्ही जे छापता ते.

५ जुलै २०२५ ला, शनिवारी, थायलंडमध्ये चिआंग माईला आपल्या मुलींनी थायलंडलाच २-१ हरवलं आणि २०२६ च्या आशिया कपमध्ये जागा मिळवली. दुसऱ्या दिवशी आषाढी, त्यामुळे पहिल्या पानावर पंढरपूर होतं, ठाकरे बंधूंचा वरळीचा मेळावा होता, खेळाच्या पानावर एजबॅस्टनला गिलने दुसऱ्या डावात केलेल्या १६१ रन्स होत्या. हे सगळं यायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण रविवारच्या अंकात ह्या मॅचची एक ओळसुद्धा नव्हती, सोमवारी आल्या चार ओळी, वर मोठं हेडिंग की रणरागिणींनी इतिहास घडवला, आणि खाली दोन्ही गोल कोणी मारले तिचं नावच नाही. नाव संगीता बासफोर. पश्चिम बंगालची मिडफिल्डर. पहिला गोल २९ व्या मिनिटाला बॉक्सच्या बाहेरून लांबून मारलेला आणि दुसरा ७४ व्या मिनिटाला कॉर्नरनंतर डोक्याने. मधे हाफटाइम होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच थायलंडने बरोबरी केली होती. एवढं लिहायला तुमच्या त्याच चार ओळी पुरल्या असत्या.

तुम्हाला वाटत असेल इकडे कोकणात कबड्डी आणि टेनिस बॉल क्रिकेट सोडून कोण काय बघतं. तर आमच्याकडे बघतात. तेरेखोल नदी ओलांडली की गोवा, आमच्या अर्ध्या सोयरिकी पेडणे आणि म्हापशात, आणि गोव्याच्या माणसाला फुटबॉल शिकवावा लागत नाही. योलांडा डिसूझा भारताकडून खेळल्या त्या गोव्याच्याच, माझ्या मावशीकडे अजूनही त्यांचं नाव निघतं. आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात शिरोडा, रेडी, आरोंदा आणि पलीकडचे नातेवाईक, शिवाय दोघंतिघं मुंबईला नोकरीला असलेले. जूनच्या शेवटी पात्रता फेरी सुरू झाली तेव्हापासून त्यात रोज वाद चालू होता, आणि तो आजही संपलेला नाही.

पहिली मॅच मंगोलियाशी, १३-०, त्यात प्यारी खाखाचे एकटीचे पाच गोल. ग्रुपमधले अर्धे लोक म्हणाले ह्यात काय मोठं, मंगोलियाला कोणीही हरवेल. मग तिमोर लेस्तेला ४-०, इराकला ५-०, आणि इराकविरुद्ध पाच गोल पाच वेगवेगळ्या मुलींनी केले, संगीता, मनीषा कल्याण, कार्तिका, निर्मला देवी, रतनबाला, मला विचाराल तर १३-० पेक्षा ही मॅच जास्त महत्त्वाची कारण एकीवर टीम अवलंबून नाही हे तिथे कळलं. आणि गंमत बघा, शेवटच्या मॅचच्या आधी भारत आणि थायलंड दोघांचे पॉइंट सारखे आणि गोलचा फरकही (केलेले वजा खाल्लेले) सारखाच, अधिक २२. म्हणजे त्या मंगोलियाच्या मॅचमध्ये सात-आठ गोलवर थांबलो असतो तर शेवटच्या मॅचला आपण मागून सुरुवात केली असती. जे हसले होते ते त्या दिवशी गप्प बसले.

थायलंड काही साधी टीम नाही, २०१५ आणि २०१९ असे दोन वर्ल्ड कप खेळलेली, तेव्हा रँकिंग ४६, आपलं ७०, मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे, आणि गटातून एकच टीम पुढे जाणार. त्या संध्याकाळी आमच्याकडे पाऊस नुसता कोसळत होता, लाईट गेलेली, पावसाळी मासेमारी बंदीमुळे होड्या वर काढलेल्या म्हणून शेजारचे सगळे घरीच. आमच्या पडवीत जाळी शिवायला बसलेले भावोजी, त्यांची दोन पोरं, मी, आणि तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला एक मोबाईल, त्याला दुसऱ्याच्या मोबाईलचं नेट. चित्र अडकत अडकत येत होतं. दुसरा गोल आम्हाला दिसायच्या आधी म्हापशाहून मेसेज पडला आणि पडवीत जो ओरडा झाला त्यात तो गोल नीट बघायचा राहिलाच, मग तोच तुकडा परत परत लावून बघितला. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. संपल्यावर भावोजी म्हणाले, "ह्या चेडवांची नावां पेपरात कित्याक नाय?" मी हे पत्र लिहितेय ते त्या प्रश्नामुळे.

कारण त्यांना, माझ्या भावोजींना, पुरुषांच्या क्रिकेट टीममधला बारावा माणूससुद्धा माहीत आहे. तो कोणी घरी येऊन सांगितला नाही, तो पेपरात वाचून माहीत झाला. रोज थोडं थोडं वाचून माणसाला टीम आपली वाटायला लागते, कोण फॉर्मात आहे, कोणाचा गुडघा दुखतोय, कोच कोणाला बसवणार. मुलींच्या बाबतीत तुम्ही एकदम जिंकल्यावर येता, फुलं टाकता आणि निघून जाता. मग पुढच्या वेळी परत सगळं शून्यापासून. क्रिस्पिन छेत्री कोण, तर ज्यांनी ओडिशा एफसीला २०२३-२४ ची इंडियन विमेन्स लीग जिंकून दिली आणि ह्या पात्रता फेरीत टीमचे कोच होते, हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं. २०२४-२५ ची लीग ईस्ट बंगालने जिंकली, सौम्या गुगुलोत आणि गोलकीपर पंथोई चानू त्याच टीमच्या, तेही मी बाहेरून शोधून वाचलं.

कौतुक वाईट नाही हो. पण नुसतं कौतुक केलं की चुका बोलायची सोय राहत नाही, आणि आमच्या ग्रुपमध्ये तर सगळा वाद चुकांवरच आहे. हाफटाइमनंतर लगेच गोल खाल्ला तो लक्ष उडाल्यामुळे की थायलंडने काही बदल केला म्हणून? मनीषाला बाजूने खेळवायची की मधे? ती पोरगी २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळलेली, असं करणारी पहिली भारतीय बाई, तिच्या पायाशी बॉल जास्त यायला हवा असं माझं म्हणणं, आणि माझा पेडण्याचा भाचा म्हणतो की मामी, तिच्याकडेच सगळं दिलं की समोरच्याचं काम सोपं होतं. ह्यावर कोणी जाणकाराने अर्धा कॉलम लिहिला तर आम्ही कात्रण काढून ठेवू.

आता आशिया कपचा ड्रॉ, म्हणजे कोण कुठल्या गटात ते ठरवणं, झालाय. ऑस्ट्रेलियात १ ते २१ मार्च २०२६, आपल्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). जपान म्हणजे २०११ चे वर्ल्ड चॅम्पियन, व्हिएतनाम २०२३ चा वर्ल्ड कप खेळून आलेले. कठीण आहे, पण १२ टीम, तीन गट, प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन आणि तिसऱ्या नंबरच्या तिघींतल्या दोन पुढे जाणार, म्हणून माझ्या मते सगळा जोर ४ मार्चच्या पर्थमधल्या व्हिएतनामच्या मॅचवर हवा, ७ ला जपानशी कमीत कमी गोल खायचे, आणि १० मार्चला सिडनीत तैपेई. ती तैपेई मला विशेष लक्षात आहे. २०२२ चा आशिया कप आपल्याकडेच होता, मुंबई, नवी मुंबई, पुणे, इराणशी ०-० झालं आणि पुढची मॅच तैपेईशी होती, ती कोरोनाने झालीच नाही. टीममध्ये तेरा जणीसुद्धा उभ्या राहू शकल्या नाहीत आणि स्पर्धेतून बाहेर व्हावं लागलं. आपल्याच घरच्या स्पर्धेतून. त्यातल्या काही मुली अजून खेळतायत, त्यांना तेव्हा काय वाटलं असेल हे कोणी जाऊन विचारलं का? आशिया कपमध्ये त्याआधी आपण २००३ ला होतो, आणि पात्रता फेरी खेळून, झगडून आत जायची ही पहिलीच वेळ. १९८३ ला तर आपण आशियात दुसरे होतो, हे सांगितलं की आजची मुलं विश्वास ठेवत नाहीत.

सेमीफायनलला पोचलेल्या चार टीम थेट २०२७ च्या ब्राझीलच्या वर्ल्ड कपला जाणार आहेत. आणि परवा १० ऑगस्टला यांगूनला आपल्या २० वर्षांखालच्या मुलींनी म्यानमारला १-० हरवलं, २० वर्षांनी त्या गटाच्या आशिया कपमध्ये गेल्या. ती बातमी मला आपल्या अंकात सापडली नाही.

आमच्या गल्लीत नववीतली एक मुलगी आहे, पायात खूप जोर आहे तिच्या, पोरांबरोबर खेळते कारण मुलींची टीम होण्याइतक्या मुली जमत नाहीत. तिला मी संगीताचा तो पहिला गोल दाखवला. तिने एकदाच बघितला आणि विचारलं, डाव्या पायाचं काय, ती डाव्याने मारते का. अशा पोरीला रणरागिणी वगैरे काही नको असतं, तिला पाय बघायचा असतो.

तर मागणं एवढंच. वेगळं पान नको, महिला दिनाची पुरवणी तर अजिबात नको. मॅचच्या दिवशी आपल्या वेळेप्रमाणे किती वाजता आणि कुठे दिसणार ते द्या. दुसऱ्या दिवशी गोल कोणी, कितव्या मिनिटाला, कोणाच्या पासवर, बदली कोण आली, कुठे चुकलं, हे द्या. लीग चालू असेल तेव्हा आठवड्यातून एकदा पॉइंट टेबल. मला माहीत आहे आमची सिंधुदुर्गची आवृत्ती लवकर छपाईला जाते आणि रात्रीच्या मॅचा त्यात बसत नाहीत, पण पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आणि सिडनी मार्चमध्ये साडेपाच तास, तिकडची रात्रीची मॅच इकडे दिवेलागणीपर्यंत संपलेली असेल. ४ मार्चला आमच्याकडे शिमग्याचे दिवस असतील, पालख्या फिरत असतील, तरी ५ तारखेचा पेपर आम्ही घेणार आहोत. व्हिएतनामच्या मॅचचा पूर्ण रिपोर्ट त्यात हवा, हरलो तरी हवा.

आपली नियमित वाचक,
शिरोडा, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग