माळावरच्या गरुडाविषयी आई-दादांना

ती. आई आणि दादा,
साष्टांग नमस्कार.

येळवशीला गायरानाच्या टोकाला जे मोठं पाखरू दादांनी पाहिलं, त्याचा फोटो पिंट्यानं पाठवला. दादा, ती घार नाही. तो स्टेप गरुड आहे. फोनला रेंज राहत नाही आणि सांगायचं पुष्कळ आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फोटो मोठा करून बघा. चोचीच्या मुळापासून निघालेली पिवळी रेघ थेट डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत गेलीय. तोंडाची फाट एवढी लांब दुसऱ्या बहुतेक गरुडांची नसते. पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेत; घारीची नडगी उघडी असते. आता तो उडेल तेव्हा पिंट्याला पंखाखाली बघायला सांगा. लांबलचक पांढरा पट्टा दिसला, तर ते पोर आहे. पट्टा जाऊन सगळं अंग गडद तपकिरी व्हायला चार-पाच वर्षं लागतात.

हे पाखरू जन्मतं कझाकस्तान, रशिया, मंगोलियाच्या गवताळ मैदानांत; त्या मैदानांनाच स्टेप म्हणतात. कझाकस्तानच्या झेंड्यावर सूर्याखाली पंख पसरलेला जो गरुड आहे, तो हाच. तिकडं कोसच्या कोस झाड नसतं, म्हणून तो घरटं बऱ्याचदा जमिनीवरच बांधतो. अंडी बहुधा दोन. दीड महिना उबवायची, मग पिल्लं उडायला आणखी दोन महिने. खाणं म्हणजे बिळात राहणाऱ्या खारी. थंडी पडली की त्या खारी बिळात झोपतात, वर बर्फ साचतं, आणि गरुडाला पोटासाठी निघावं लागतं. काही अरबस्तानातून आफ्रिकेत जातात, काही हिमालय ओलांडून आपल्याकडं येतात. साधारण दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचा मुक्काम.

एवढं अंतर तो पंख मारत जात नाही. उन्हानं जमीन तापली की गरम हवा वर चढते. आपल्या रानात चैत्रात वावटळ उठते, तीच हवा. तिच्यात शिरून तो गोल गोल वर जातो, मग पंख ताणून पुढं घसरत जातो, परत दुसरी हवा धरतो. म्हणूनच तो सकाळी उशिरापर्यंत ढेकळावर बसून असतो. दादांना वाटलं तो आजारी आहे. तसं नाही, ऊन चढायची वाट बघत असतो. समुद्रावर अशी हवा उठत नाही, म्हणून आफ्रिकेला जाणारे मोठा समुद्र टाळून शक्यतो जमिनीवरून जातात. हिमालय मात्र अडवत नाही. १९६० साली एव्हरेस्टच्या साउथ कोल नावाच्या खिंडीत, जवळपास ७,९०० मीटर उंचीवर, एका स्टेप गरुडाचे अवशेष सापडले होते.

आई, तुला एक गोष्ट सांगतो. रशियातल्या अभ्यासकांनी काही गरुडांच्या पाठीवर छोटी यंत्रं बांधली होती. गरुड कुठं आहे ते यंत्र एसएमएसनं कळवायचं. २०१९ मध्ये त्यातली मिन नावाची मादी उन्हाळाभर कझाकस्तानात रेंजच्या बाहेर राहिली आणि नंतर थेट इराणमध्ये गेली. साठलेले सगळे मेसेज तिथून महागड्या रोमिंगवर सुटले आणि अभ्यासकांचे पैसे संपले. मग लोकांनी वर्गणी काढून गरुडांचा मोबाइल रिचार्ज केला.

इथं बिकानेरजवळ जोडबीड म्हणून जागा आहे. मेलेली जनावरं तिथं आणून टाकतात. सुट्टीच्या दिवशी मी तिकडं जातो. थंडीत गिधाडांबरोबर शेकडो स्टेप गरुड तिथं उतरतात. हा गरुड नुसता शिकारी नाही. मेलेलं खातो, दुसऱ्याच्या तोंडचं हिसकावतो, उंदीर धरतो, आफ्रिकेत तर वाळवीसुद्धा वेचून खातो. आणि मेलेलं खातो, त्यातच त्याचा घात आहे. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड बंद पडायचे. आपल्या लहानपणी गिधाडं होती, ती अशीच गेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तरी पुढं याच राजस्थानात मेलेल्या स्टेप गरुडांच्या अंगात तेच औषध निघालं, हे २०१४ साली छापून आलंय. त्यानंतर वर्षभरात, २०१५ मध्ये, हा गरुड जगभरातल्या धोक्यात आलेल्या पाखरांच्या यादीत गेला.

माझं काम विजेच्या तारांचं, म्हणून हे गरुड मरण्याचं दुसरं कारण मला फार लागतं. खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीवर तो बसतो, पंख पसरतो आणि पंख वरच्या तारेला टेकतो. पट्टी जमिनीला जोडलेली (अर्थिंग केलेली) असते, करंट अंगातून जातो. चिमणी-साळुंकीचा पंख तिथवर पोचत नाही. याचे पसरलेले पंख दोन मीटरच्या आसपास. कझाकस्तानच्या मैदानात, जिथं बसायला झाड नाही तिथं, खांबांखाली असे कितीतरी मेलेले सापडतात. तार झाकली, इन्सुलेटरवर टोपी घातली तर हे टळतं. आमच्या साहेबांना मी हे लिहून दिलंय आणि पाठपुरावा सोडणार नाही.

आता दादा, तुमच्याकडं मागणं. सर्जाचे गुडघे धरलेत, त्याला सुई द्यायला डॉक्टर आले की मेलॉक्सिकॅमच द्या म्हणावं. ते गिधाडांना बाधत नाही. डायक्लोफेनॅक नको. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकसुद्धा नको, त्यांच्यावर २०२३ पासून बंदी आहे. आई, तुझ्या गुडघ्याच्या गोळ्या भाकरीत घालून त्याला देऊ नकोस. माणसाच्या त्या गोळ्यांत बऱ्याचदा तेच असतं.

दुसरं, लांडग्यानं मामांचं मेंढरू नेलं म्हणून मेलेल्या शेळीत विषारी औषध घालायचं गल्लीत चाललंय, असं तुम्ही म्हणालात. ते होऊ देऊ नका. लांडगा खाईल न खाईल. गरुड, कुत्री, कोल्हे आधी मरतील. मेंढरू गेल्याची भरपाई वनखात्याकडं मागता येते. पंचनाम्याआधी मेलेलं मेंढरू जागेवरून हलवायचं नाही आणि लगेच कळवायचं. अर्ज मी लिहून पाठवतो, मामांची फक्त सही घ्या.

आणि ग्रामसभेत कुणी गायरानाला पडीक म्हटलं तर उठून बोला. तुमचं सगळे ऐकतात. त्या बरडावर कुसळी गवत आहे म्हणून उंदीर आहेत, ससे आहेत, आपली ढोरं चरतात आणि कझाकस्तानचा गरुड उतरतो. नांगरट झालेलं सगळं शिवार त्याच्या कामाचं नाही.

पिंट्याला उडतानाचा फोटो पाठवायला सांगा. पैसे सोमवारी टाकतो. होळीला रजा मिळालीय.

तुमचा,
संतोष