आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: विषाणूचा माग काढा, पण संमती मराठीतून घ्या

मा. आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बंगळूर यांस,

स.न.वि.वि.

मी निपाणीची. एचआयव्ही झालेल्या बायकांना सोबत म्हणून एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, जाते. बऱ्याच जणी बिड्या वळणाऱ्या. नवरा ट्रकवर होता, तो गेला, आणि सासरच्यांनी 'हिनंच घरात आणलं' म्हणत हिला बाहेर काढलं, असं किती जणींनी सांगितलं त्याची गणती मी ठेवलेली नाही.

'कुठून आला?' या प्रश्नाला विज्ञानाकडे आता बरंच उत्तर आहे. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. त्या चुका पुढच्या पिढीत उतरतात. अनेकांच्या रक्तातल्या विषाणूंची जनुकं जुळवली की वंशावळ उभी राहते. अशाच वंशावळीवरून जगभरच्या साथीचं मूळ 1920च्या सुमाराच्या, आफ्रिकेत काँगोमधल्या किन्शासा शहरापर्यंत नेता आलं. भारतात 1986 साली चेन्नईत पहिली लागण सापडली. आपल्याकडे मुख्यतः या विषाणूचा 'सी' उपप्रकार आहे आणि त्याचे जुने नातलग आफ्रिकेत सापडतात.

लिबियात बेंगाझीच्या रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना लागण झाली. पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरला त्यासाठी मृत्युदंड सुनावला गेला. 2006 मध्ये विषाणूच्या जनुकांनी दाखवलं की हे सहा जण 1998 साली तिथे येण्याआधीच हा विषाणू त्या रुग्णालयात पसरत होता. हे वाचलं तेव्हा मला आमच्या सुना आठवल्या. पण घरातल्या दोघांपैकी कुणी कुणाला दिला, हे ही वंशावळ ठामपणे सांगू शकत नाही. विषाणू जवळचे निघाले तरी मध्ये तिसरा माणूस असू शकतो. म्हणून गुन्हेगार शोधायला ती कधीही वापरू देऊ नका.

साथ कुठल्या वाटेनं पसरते हे कळायला मात्र ती हवीच. निपाणीचा माणूस कागल-कोल्हापुरात कामाला जातो, तपासणी तिकडे करतो, राहतो इकडे. दोन राज्यांच्या दोन वह्यांत त्याचा माग तुटतो. पुण्यात भोसरीला एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिला घेऊन महाराष्ट्राबरोबर एकत्र अभ्यास करा. जनुकांच्या त्याच तपासणीत कुठलं औषध लागू पडणार नाही तेही कळतं, ते त्या रुग्णाला सांगा. अभ्यासाच्या माहितीतून नुसतं नाव काढून भागणार नाही. आमच्या खेड्यांत वय, धंदा आणि गाव एवढ्यावर माणूस ओळखू येतो.

आणि संमती. एका ठिकाणी माझ्यासोबतच्या बाईपुढे संमतीचा कन्नड कागद आला. "ताई, काय लिहिलंय ह्यात?" तिनं विचारलं. मलाही पुरतं वाचता येईना. उशीर होतोय म्हणून अंगठा घेतला गेला. 2017च्या एचआयव्ही कायद्यात संमती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत घ्यायची आहे. कन्नडविषयी माझी तक्रार नाही. तो कागद मराठीतही छापा आणि छापण्याआधी एक प्रत निपाणीला पाठवा. मी तो बायकांना मोठ्यानं वाचून दाखवीन आणि जिथे त्या अडतील ते शब्द आपल्याला कळवीन.

आपली विश्वासू,
निपाणीतील एक नागरिक