आधी स्पीकर, मग ट्यूब

महोदय,

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरविषयी हल्ली जे लेख वाचनात येतात, त्यांत ट्यूबचे (निर्वात काचनळीचे) कूळ आणि तिच्या स्वराचा गोडवा यांचे रसभरीत वर्णन असते. तो अ‍ॅम्प्लिफायर ज्या स्पीकरला जोडायचा, त्याची बोळवण मात्र ‘नव्वद डेसिबलच्या वरचा घ्यावा’ एवढ्या एका वाक्यावर होते. (एक वॅट शक्ती दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती मोठा आवाज देतो, त्याचे हे माप.) हा क्रम उलटा आहे, असे माझे मत आहे.

१९३८ च्या सुमारास आलेली ‘३००बी’ ही नामांकित ट्यूब एकटी वापरली, तर जेमतेम ८ वॅट देते; ‘२ए३’ साडेतीन वॅटवर थांबते. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ८ वॅटमुळे एका वॅटच्या आवाजावर ९ डेसिबलचीच भर पडते. ८७ डेसिबलचा स्पीकर त्यामुळे एक मीटरवर ९६ ला अडकतो, आणि तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत त्यातले ९० च्या आसपासच पोहोचतात. शांतपणे ऐकणाऱ्याला हे पुरेसे वाटेल. पण संगीतातले जोरकस आघात सरासरी पातळीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात आणि नेमके तेच गुदमरतात. स्वर आधी दाटतो, मग त्याची धार जाते. ९७ डेसिबलच्या स्पीकरला याच आवाजासाठी एक दशांश शक्ती पुरते.

तथापि छापील आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. पुष्कळदा तो २.८३ व्होल्टवर मोजलेला असतो. ८ ओहम अवरोधाच्या स्पीकरला हा एक वॅट होतो, ४ ओहमच्या स्पीकरला मात्र दोन. म्हणजे ३ डेसिबल फुकटात पदरात पडतात आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो.

याहून महत्त्वाचा, आणि सर्वांत दुर्लक्षित, मुद्दा इम्पीडन्सच्या, म्हणजे स्वराच्या उंचीप्रमाणे बदलणाऱ्या स्पीकरच्या विद्युत अवरोधाच्या, आलेखाचा. फीडबॅक (बाहेर पडलेल्या संकेताचा काही भाग सुधारणेसाठी परत आत देणे) नसलेल्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत अवरोध अडीच-तीन ओहम असू शकतो. अशा वेळी स्पीकरचा इम्पीडन्स एका ठिकाणी ३ ओहमपर्यंत उतरत असेल आणि खर्जात ३० वर चढत असेल, तर त्या दोन जागांच्या पातळीत सुमारे साडेचार ते पाच डेसिबलचा फरक पडतो. ज्याला आपण ‘ट्यूबचा उबदारपणा’ म्हणून डोक्यावर घेतो, त्याचा काही भाग या हिशेबातला असतो. म्हणून ९३ डेसिबलचा पण सपाट आलेखाचा स्पीकर ९६ च्या चढउतारी स्पीकरपेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

जागेचा प्रश्न टळत नाही. खोल खर्ज, लहान पेटी आणि उच्च कार्यक्षमता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. एकीवर पाणी सोडावेच लागते. अमेरिकन स्पीकर-रचनाकार पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच हॉर्नचा (आवाज वाढवणाऱ्या कर्ण्याचा) विस्तार म्हणून वापरला, तो याच अडचणीतून. शिवाय उच्च कार्यक्षमतेचा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरची बारीक घरघरही तितक्याच निष्ठेने ऐकवतो. तेव्हा खरेदीपूर्वी गाणे बंद ठेवून, कान स्पीकरजवळ नेऊन ती तपासावी.

आपल्या परीक्षकांनी यापुढे डेसिबलच्या आकड्याबरोबर किती व्होल्टवर मोजणी झाली आणि किमान इम्पीडन्स किती, हेही छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक